पुराची शिळा, दुष्काळाचे दप्तर

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता शिकवली नाही असा मराठीचा शिक्षक महाराष्ट्रात विरळाच. पुरात घर गमावलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, सरांचा हात खिशाकडे जातो आणि तो पैसे नाकारून दुसरेच काही मागतो, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. वर्गात आम्ही या कवितेचा आशय ‘जिद्द’ या एका शब्दात सांगतो, विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तोच शब्द आम्हांला परत करतात आणि प्रकरण संपते. नाशिक जिल्ह्याच्या पुरांविषयी आणि दुष्काळांविषयी मिळेल ते वाचताना आम्हांला एक गोष्ट थोडी ओशाळवाणी वाटली. या कवितेत पूर आहे, हे आम्ही कधी नीटसे वाचलेलेच नव्हते. पूर म्हणजे जिद्द दाखवण्यासाठी कवीने योजलेले निमित्त, असे आम्ही धरून चाललो होतो.

खरे तर त्या कवितेतील पूर चांगलाच नेमका आहे. नदी तेथे शत्रू म्हणून येत नाही, घरची म्हणून येते. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणजे रामकुंडावर जाऊन आलो. ज्याचे बालपण निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे आणि पुढले बहुतेक आयुष्य नाशिकात गेले, त्या कवीला पूर म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगावे लागले नाही. कवितेत तलाठी नाही, पंचनामा नाही, दवंडी नाही. पाणी किती वाजता आले, कुठवर चढले, कुणी आधी सांगितले होते का, यांपैकी एकाही प्रश्नाला तीत जागा नाही. कवितेत ती असावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण हे प्रश्न मग कुठे विचारले गेले? नाशिक जिल्ह्याने आपल्या आपत्ती कुठे लिहून ठेवल्या, कोणत्या भाषेत, आणि पुढच्या वेळी त्या लिखाणाचा उपयोग कुणाला झाला? या शोधात आम्हांला जे सापडले ते पुढे मांडतो आहोत.

आरंभ गोदावरीच्या जन्मकथेपासून करावा लागतो, कारण ती कथा मुळात अवर्षणाची आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ती विस्ताराने येते. दीर्घकाळ पाऊस पडत नाही, सृष्टी करपते, ऋषी आश्रम सोडून जातात. गौतम वरुणाची तपश्चर्या करतो, वरुण त्याला एक खड्डा खणायला लावतो आणि तो कधी न आटणाऱ्या पाण्याने भरून देतो. मग गेलेले सगळे परत येतात. पुढे काय होते? पाणवठ्यावर भांडण. आधी पाणी कुणी भरायचे यावरून गौतमाचे शिष्य, अहल्या आणि इतर ऋषिपत्नी यांच्यात वाद होतो; त्या वादातून कपट, मायावी गाय, गोहत्येचा आळ, गौतमाची हकालपट्टी, आणि शेवटी प्रायश्चित्त म्हणून ब्रह्मगिरीवर गंगेचे अवतरण. म्हणजे नदी येण्याआधी टंचाई आहे, टंचाईवरचा उपाय आहे आणि त्या उपायातून उपजलेले भांडण आहे. निसटू पाहणारी गंगा गौतमाने कुश गवताने अडवली ते कुशावर्त. जिल्ह्यातला पहिला बंधारा गवताचा होता असे कुणी गमतीने म्हटले तर आम्ही हरकत घेणार नाही. पुराणकथा इतिहास नव्हे, हे मान्य. परंतु या मुलखात राहणाऱ्यांनी आपल्या नदीची कथा रचताना आधी काय आठवले, हे ती कथा सांगते.

आणि ते आठवणे भूगोलाला धरून आहे. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येवला-नांदगावकडे तो पाचशेच्या आसपास उरतो. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, एका तालुक्यात घरे पाण्यात आणि दुसऱ्या तालुक्यात टँकरची मागणी, हे दृश्य नाशिकला नवे नाही. पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेण्याचा खटाटोप हाच या जिल्ह्याचा दीर्घ इतिहास आहे.

या खटाटोपातले जे सर्वांत जुने आणि आमच्या मते सर्वांत शहाणे काम, ते बागलाण-कळवण भागात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर झाले. फड पद्धती या नावाने ते ओळखले जाते. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. ऊस एका फडात, हंगामी पिके दुसऱ्यात, एखादा फड पडीक, आणि हा क्रम दरवर्षी फिरता. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचे मोल गावाने धान्यात चुकवायचे. या रचनेतली खुबी अशी की, पाणी कमी पडले तर ते कोणत्या फडाला द्यायचे नाही हे गावाने एकत्र ठरवायचे, आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्याने त्या निर्णयाची तोशीस सर्वांना सारखी लागायची. पुरात बंधारा फुटला की दुरुस्ती सर्वांची. दुष्काळ आणि पूर यांची तजवीज एकाच रचनेत, एकाच मंडळीच्या हाती होती, असे उदाहरण आम्हांला या जिल्ह्यात दुसरे सापडले नाही. हे सगळे कागदावर फारसे नव्हते; ते वहिवाटीत होते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि बहुतेक फड मोडले. काही बंधारे अजून उभे आहेत.

कागद आला तो एकोणिसाव्या शतकात. १८८३ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, म्हणजे नाशिकचा खंड, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. दोन्ही ग्रंथांच्या मागे १८७६ ते १८७८ या वर्षांचा भीषण दुष्काळ आहे. नाशिकला त्याची झळ सोलापूर-विजापूरइतकी बसली नाही, पण पूर्वेकडचे तालुके होरपळलेच. १८७८ मध्ये सुरू झालेला मनमाड-दौंड हा लोहमार्ग त्याच काळातला. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवण्याची वाट म्हणूनही त्याच्याकडे पाहिले गेले.

गॅझेटियरची भाषा साहेबाची आहे. तीत पाऊस, भाव, सारा आणि माणसे एकाच स्वरात मोजली जातात. हा स्वर थंड आहे म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. परंतु पुढच्या माणसाला उपयोग पडतो तो याच स्वराचा. फुल्यांची भाषा नेमकी उलट, धगधगीत. तरीही ‘असूडा’त संतापाबरोबर एक कामाचा आराखडाही आहे, हे साहित्याच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही. सरकारने रिकामे बसणारे लष्कर व पोलीस लावून जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शिवारात मुरू द्यावे, तलाव बांधावेत, अशी सूचना फुले करतात. आजच्या परिभाषेत याला ‘पूर्वतयारी’ म्हणतील. फुल्यांना असा शब्द घडवण्याची गरज पडली नाही. शेत, पाणी आणि माती हीच त्यांची परिभाषा होती.

सरकारने निवडला तो मार्ग मात्र संहितेचा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या. हा गद्यप्रकार साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा वाचून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. दुष्काळ ‘आला’ हे कशावरून ओळखायचे, याची लक्षणे त्यांत दिलेली असतात: धान्याचे चढलेले भाव, गाव सोडून भटकू लागलेली माणसे, वाढलेल्या चोऱ्या. मग चाचणीची कामे काढायची. पडेल मजुरीवर खडी फोडायला किती लोक येतात ते पाहायचे. जास्त आले तर दुष्काळ खरा. भुकेची परीक्षा घेऊन मगच भुकेला मान्यता देणारे हे गद्य क्रूर आहे, यात शंका नाही. पण क्रूर असले तरी त्यात बांधिलकी होती, आणि ती लिखित होती. म्हणूनच १८९६ च्या दुष्काळात टिळकांना आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला तिचा आधार घेता आला. संहितेत रयतेला काय काय मिळायचे लिहिले आहे ते मराठीत समजावून सांगणे, सारामाफीची आणि तहकुबीची कलमे गावोगाव पोहोचवणे, हे ‘केसरी’ने आणि सभेच्या माणसांनी केले. साहेबाच्या दप्तरातला मजकूर शेतकऱ्याच्या भाषेत आणणे हेच त्या वेळी राजकारण ठरले. मराठी गद्याच्या इतिहासात निबंध आणि कादंबरी यांच्या जोडीला या भाषांतराचाही उल्लेख असायला हवा, असे आम्हांला वाटते.

दुष्काळाने मराठीला अशी एक सबंध शब्दसंपत्ती दिली: आणेवारी, तगाई, सूट, तहकुबी, खडीकेंद्र, सुकडी, टंचाई. रुपयाचे आणे जाऊन पैसे आले तरी लोक पैसेवारीला आणेवारीच म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात राज्यभरातल्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, हा भाग आता सर्वज्ञात असल्याने त्यात शिरत नाही. दुष्काळाला दप्तर आहे, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

पुराला असे दप्तर मिळाले नाही. दुष्काळ महिनोन्‌महिने चालतो, त्याला कारकुनाची सवड असते. पूर एका रात्रीत येतो आणि सकाळी कारकुनाचेच दप्तर भिजलेले असते. नाशिक शहराने आपला पूर दगडावर लिहिला. गोदाघाटावर, रामकुंडाच्या परिसरात, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन दिशांना दोन तोंडे असलेली ही उंच मूर्ती म्हणजे नाशिकची पूरपट्टी. पाणी मारुतीच्या पायाला लागले, गुडघ्याला आले, कंबरेला आले, छातीला, गळ्याला, आणि शेवटी डोक्यावरून गेले, अशा पायऱ्यांनी नाशिककर पूर मोजतात. वर्तमानपत्रे आजही मथळ्यात मारुतीची कंबरच देतात. कंबरेला पाणी म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचलायच्या. गळ्याला पाणी म्हणजे सराफ बाजार आणि भांडी बाजार यांनी माल वरच्या मजल्यावर न्यायचा. यासाठी कुणाला कोष्टक पाहावे लागत नाही.

दुसरी खूण नदीच्या पंचवटीकडच्या काठावर आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या मंदिरावर वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण मानली जाणारी मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. पाणी या नारोशंकराच्या घंटेला लागले की महापूर, अशी जुनी समजूत. चिमाजी आप्पांच्या मोहिमेची विजयचिन्हे महाराष्ट्रातील अनेक देवळांत आहेत. पण विजयचिन्हाची पूरखूण झाली ती नाशकातच. पूर मोजण्यासाठी कुणी ती घंटा तेथे टांगली नव्हती. लोकांनी तिच्यावर तो अर्थ चढवला आणि पिढ्यान्‌पिढ्या राखला.

या दगडी लिपीचे मोल मोठे, पण तिला मर्यादाही आहेत, आणि त्या न सांगता तिचे कौतुक करणे हा आम्हां साहित्यिक मंडळींचा नेहमीचा दोष. मारुतीची कंबर जागच्या जागी आहे, नदी मात्र तीच राहिलेली नाही. सिंहस्थांच्या निमित्ताने घाट बांधले गेले, पात्रात काँक्रीट आले, पूल वाढले, नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या उपनद्यांच्या काठी वस्ती दाटली. पात्र अरुंद झाले की तेवढेच पाणी वर चढते. पन्नास वर्षांपूर्वीची कंबर आणि आजची कंबर यांत पाणी सारखे नसते. दगडाला हे सांगता येत नाही.

आता धरणांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी, लागोपाठच्या दुष्काळांनंतर, १९०१ ते १९०३ मध्ये सिंचन आयोग बसला. कायमच्या दुष्काळी टापूंना कालव्यांचे संरक्षण द्यावे हे धोरण ठरले. गोदावरी कालवे ही त्या धोरणाची नाशिक-अहमदनगर भागातली कामगिरी. इगतपुरीकडे दारणेवर धरण (ते १९१६ मध्ये पुरे झाले), आणि निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, १९०७ ते १९११ च्या सुमाराचा. दारणेचे पाणी नदीतूनच खाली यायचे, नांदूरमध्यमेश्वरला अडायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जायचे. ज्या मुलखात खडी फोडायला माणसे रांगा लावत, तेथे ऊस उभा राहिला आणि मागोमाग साखर कारखाने. दुष्काळाच्या दप्तरातून निघालेली ही सर्वांत यशस्वी योजना म्हणावी लागेल.

तिची दुसरी बाजू पाहायला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जावे लागते. अडवलेल्या पाण्याबरोबर गाळही अडतो. शंभर वर्षांत नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पक्षिमित्रांना याचा आनंद आहे, आम्हांलाही आहे. पण गाळाने भरलेला हाच फुगवटा पावसाळ्यात वरच्या गावांत शिरतो. गोदावरीच्या एका काठावर चांदोरी, समोरच्या काठावर सायखेडा. त्यांच्या वरच्या बाजूला, दारणासांगवीजवळ, दारणा गोदावरीला मिळते. गंगापूर धरणाचे पाणी, नाशिक शहराचे पाणी आणि दारणेचे पाणी ही तिन्ही एकत्र होऊन या गावांसमोर येतात, आणि पुढे वाट तुंबलेली असते. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये चांदोरी-सायखेड्याची बाजारपेठ, घरे, द्राक्षबागा पाण्याखाली गेल्या. बंधाऱ्याला अधिक दरवाजे बसवा, गाळ काढा, ही गावकऱ्यांची मागणी जुनी आहे. कोपरगावच्या आजोबांना दुष्काळापासून वाचवण्यासाठी जे बांधले, त्याचा हप्ता चांदोरीचे नातू भरत आहेत, असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल, कारण पूर पूर्वीही येत होता. पण उरलेले अर्धे सत्य जिल्ह्याच्या कुठल्याही गौरवग्रंथात आढळत नाही म्हणून ते येथे नोंदवतो.

गंगापूर धरणाची गोष्टही याच वळणाची. स्वातंत्र्यानंतर बांधलेले हे मातीचे मोठे धरण १९६५ मध्ये पुरे झाले. आता गंगेला पूर येणार नाही, असे शहरात अनेकांना वाटले असेल तर नवल नाही. चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजून असलेला महापूर आला. यात कुणाची लबाडी नव्हती. धरण पूर अडवते ते त्यात जागा रिकामी असेल तर. आणि आपली धरणे बांधली आहेत ती मुख्यतः साठवणीसाठी. दुष्काळाची आठवण ज्याच्या डोक्यात आहे तो अधिकारी पावसाळा संपत येताना धरण काठोकाठ भरून ठेवणारच. न ठेवले आणि पुढे पाऊस गेला तर एप्रिलमध्ये त्याला कुणी क्षमा करणार नाही. अशा भरलेल्या धरणावर सप्टेंबरात घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस कोसळला की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. सप्टेंबर २००८ चा पूर याच महिन्यातला. एकाच जलाशयाकडून आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागतो: दुष्काळासाठी भरलेले राहा, पुरासाठी रिकामे राहा. शिवाय १९७६ मध्ये पुरे झालेल्या जायकवाडीमुळे नाशिकच्या प्रत्येक पुराला पैठणला एक दुसरे नाव मिळाले. नाशिकच्या वर्तमानपत्रात जो ‘हाहाकार’, तोच मराठवाड्याच्या वर्तमानपत्रात ‘जायकवाडीत समाधानकारक आवक’. दोन्ही मथळे खरे असतात.

२००८ च्या पुरानंतर शहराच्या नकाशावर पूररेषा आखल्या गेल्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालीच्या मध्ये अटींवर. या रेषा आखताच त्या कुठून गेल्या, कुणाच्या भूखंडावरून गेल्या, त्या सरकवता येतील का, हा वाद सुरू झाला, आणि तो मुख्यतः जमिनीच्या भावाचा होता. आम्हांला त्यात एक भाषिक गोष्ट दिसते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मराठी माणसाच्या कानाला ‘आता शंभर वर्षे निश्चिंत’ असे ऐकू येतात. गणिताचा अर्थ वेगळा आहे: दरवर्षी शंभरात एक शक्यता, यंदाही आणि पुढच्या वर्षीही. हा फरक सांगणारे सोपे मराठी वाक्य अजून कुणी घडवलेले नाही. तसाच ‘क्युसेक’. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. पावसाळ्यात धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू झाल्याचे निरोप भराभर येतात. ते अचूक असतात आणि नदीकाठी राहणाऱ्या म्हातारीला त्यांतून काहीच कळत नाही. तिला कळते ते मारुतीच्या कंबरेचे. शहराजवळ तो दगड आहे, सायखेड्याजवळ नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणि जिल्ह्याचा लिखित आराखडा बंधनकारक केला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच झाली होती. असे आराखडे आम्ही चाळले आहेत. पूरप्रवण गावांच्या याद्या, बोटी, दोर, जीवरक्षक जॅकेटे, दूरध्वनी क्रमांक, निवाऱ्याच्या शाळा. अखेर पुरालाही दप्तर मिळाले, हे चांगलेच झाले. गद्य मात्र इंग्रजी साच्यातून काढलेले, कर्ता नसलेल्या वाक्यांचे: ‘स्थलांतर करण्यात यावे’, ‘जनजागृती करण्यात यावी’. कुणी, कुणाला, किती वाजता, कोणत्या वाटेने? फडाच्या पाटकऱ्याला असे कर्माणि आज्ञार्थ परवडले नसते. पाट फुटला तर कुणी धावायचे हे नावानिशी ठरलेले असे. चांदोरी-सायखेड्याच्या तरुणांनी गावपातळीवर आपले बचावपथक उभे केले आहे, बोटी चालवायला ते शिकले आहेत, आणि आसपासच्या गावांतही ते मदतीला जातात. वाक्याला कर्ता मिळाला तो असा, दप्तराबाहेर.

गारपिटीचा आणि अवकाळी पावसाचा विषय आम्ही जाणून सोडला. २०१४ च्या गारपिटीने द्राक्षउत्पादकांचे जे झाले त्यावर स्वतंत्र लिहायला हवे, आणि ते शेती कळणाऱ्याने लिहिलेले बरे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. नाशिकचे प्रशासन सर्वांत मोठी पूर्वतयारी करते ती सिंहस्थाची, दर बारा वर्षांनी. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे मेली, आणि तेव्हापासून तयारीचा सारा रोख गर्दीवर असतो. तो असावाच. पण गुरू सिंह राशीत असताना येथली मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. २०२७ ची स्नानेही ऑगस्ट-सप्टेंबरातली आहेत. आणि १९६९, २००८, २०१६, २०१९ हे चारही पूर याच दोन महिन्यांतले. धरणे तेव्हा भरत आलेली असतात आणि घाटावर लाखो माणसे नदीच्या पाण्यात उतरलेली असतात. पंचांगकर्त्यांनी हा योग ठरवला तेव्हा वर धरण नव्हते.

चांदोरीविषयी शेवटचे. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचे हे गाव. त्यांच्या दप्तरातली पत्रे म्हणजे अठराव्या शतकातील उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाचे मोठे साधन. इतिहासाचे विद्यार्थी हिंगणे दप्तर वाचतात, पण चांदोरीला क्वचितच जातात. उन्हाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचे पाणी उतरले की येथल्या पात्रातली दगडी मंदिरे उघडी पडतात: शिखरे, पायऱ्या, चिखल माखलेल्या मूर्ती. आजूबाजूची माणसे ती पाहायला येतात, पोरे पायऱ्यांवर बसतात, कुणी गाळ पुसून मूर्तीला कुंकू लावतो. मृगाचा पाऊस झाला की मंदिरे पुन्हा बुडतात, आणि गावातले पथक बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती करायला घेते.